डावा पाय

इंजिन पळतंय आणि गाडी मागे राहतेय,
एवढंच सांगितलं सुलुफुने,
पुढचा पाव तास इंजिनाचं कौतुक.
सत्त्याऐंशी सालची रेनो, आवाज तर ऐक!
बाकुलीने ऐकला.
म्हणाली, नुसत्या आवाजाने कुणी चढ चढत नाही.

ती पुढे बसली, मी मागे,
फाटक्या सीटच्या स्प्रिंगा चुकवत, टॉर्च मांडीत धरून.
सुलुफुच्या पायाशी प्लास्टिकची बाटली,
कधीकाळी पाण्याची, आता तीच टाकी.
भाडं मिळेल तेवढंच पेट्रोल.
आनालाकेलीच्या बाजारातून निघालो
कोंबड्या, मोबाइलची कव्हरं, उकडलेल्या शेंगा
हॉर्नने बाजूला सारत,
आणि फारावुहित्राचा दगडी चढ लागला.

तिसरा घाल. आता दाब.
डॅशबोर्डातून निघालेली छत्रीची मूठ
त्याने ढकलली, पाय दिला.
इंजिन किंचाळलं.
बाहेरची विटांची भिंत होती तिथेच.
भिंतीवरची जाहिरात मी दोनदा वाचली.
डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई
आम्हाला मागे टाकून गेली, वळूनही न बघता.

मग वास.
रबराचा नाही, तारेचाही नाही;
भात तळाला लागल्यावर येतो, त्याच्या आसपासचा,
फक्त ह्याच्यात पाणी ओतून प्यायची सोय नाही.

गॅरेजपाशी परत. सपाट जागा.
हँडब्रेक ओढ. चौथा घाल.
क्लच सोड, हळूहळू. मोरा मोरा.
आता इंजिन बंद पडायला हवं,
बंद पडणं हीच इथे तब्येत.
पडलं नाही. गुरगुरत राहिलं मजेत.
बघितलंस, सुलुफु खूश, बंदच पडत नाही!
बाकुलीने डोळे मिटून घेतले.

मग ती खाली, पाठीवर, पोत्यावर.
टॉर्च. अरे, माझ्या डोळ्यात नको.
पेडलला थोडी मोकळी चाल हवी,
इथे केबल ताणलेली, कपडे वाळत घालावेत अशी.
ढिली केली. परत चौथा.
परत तीच गुरगुर.
घंटेच्या खालच्या भोकात बोट घातलं, पाहिलं, हुंगलं.
कोरडं.
म्हणजे तेल नाही. म्हणजे सील शाबूत.
म्हणजे प्लेटच गेली.
मागची कधी घातली?
चौदा महिने.
चौदा? प्लेट आहे की साबण?

ती उठली, हात पुसले,
आणि म्हणाली, चप्पल काढ.
उजवी नाही. डावी.
उजेडासमोर धरली.
पुढच्या बाजूला, अंगठ्याच्या खाली,
पेडलच्या मापाचा खड्डा,
आरपार दिसायला एखादा आठवडा बाकी.
उजवीवर अजून दुकानाचा आकडा वाचता येत होता.

कुठे ठेवतोस हा पाय?
कुठे म्हणजे... पेडलवर.
दाबत नाही हं. नुसता असतो.
तयारीत.
कशाच्या?
आंबानिदियाच्या उतारावर एकदा, तो म्हणाला,
पुढे बसलेली होती माझी
आणि वाक्य तिथेच ठेवून
चप्पल पायात घालू लागला.
बाकुलीने दुसरा प्रश्न विचारला नाही.
पान्यांच्या डब्यात काहीतरी शोधलं, सापडलं नाही.

रेडिएटर काढायचा, गिअरबॉक्स पुढून ओढून काढायचा,
दोन दिवस. प्लेटचे पैसे आधी.
शनिवारी आणतो, तो म्हणाला,
तोवर उताराचीच भाडी घेईन.
आणि वर कसा येशील?
त्याने खरोखर विचार केला.
रिकामा. लांबून. पहिल्यात.

तिने केबल तशीच ढिली ठेवली,
पैसे घेतले नाहीत, टॉर्चचा सेल मात्र मागितला.
तो निघाला. उतार होता,
म्हणून इंजिन बंद, इथे सगळे करतात तसं.
मी दारापर्यंत पळत गेलो बघायला:
डावा पाय सीटखाली दुमडलेला,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.
केळीवाल्याच्या गाड्यापर्यंत तरी तिथेच होता.
पुढे वळण आहे.